डाउनलोड ठीक, पण अपलोड ९० टक्क्यांवर येऊन तुटतंय : खानापूर भागातली वायरलेस जोडणी

मलप्रभाकाठ (१० जुलै, रात्री ११:१५)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं राहतो. मराठी शाळेत शिक्षक आहे. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेतोय. ज्यांनी मला ओव्या दिल्या त्यातल्या तीन आज्ज्या आता नाहीत. ते आवाज एका जुन्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर आहेत, बाकी कुठंच नाहीत. म्हणून सगळं ऑनलाइन साठवणीत चढवायला घेतलं आणि तिथंच अडकलो.

घराच्या कौलांवर नेटवाल्यानं बसवलेली छत्री आहे. समोरच्या डोंगरावर त्यांचा टॉवर, अंतर ४ किलोमीटरच्या आसपास. प्लॅन २० एमबीपीएसचा. राऊटर सोप्यात आहे आणि मी माजघराच्या मागच्या खोलीत बसतो. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फुटी.

स्पीड टेस्टला डाउनलोड १७-१८ येतो. अपलोड मे महिन्यापर्यंत ७-८ यायचा, आता दिवसा १ आणि संध्याकाळनंतर ०.३. एक फाईल ४० मिनिटांची, साधारण ४०० एमबी. ब्राउझरमधून टाकतो, ८०-९० टक्क्यांपर्यंत जाते आणि तुटते. परत पहिल्यापासून. काल एकाच फाईलला चार वेळा बसलो.

नेटवाल्याचा माणूस तीनदा येऊन गेला. आपल्या मोबाईलवर डाउनलोड बघतो, "स्पीड येतंय की गुरुजी" म्हणतो आणि जातो. काय करू?

अनगोळकर (१० जुलै, रात्री ११:४०)

गुरुजी, काम मोठं करताय. माझ्या मते राऊटर जुना झाला असेल. नवा दोन बँडवाला घ्या आणि प्लॅन ५० चा करा. मी टिळकवाडीतल्या ऑफिसात तसंच केलं, फरक पडला.

टॉवरवरचा (११ जुलै, सकाळी ६:५०)

अजून काहीही विकत घेऊ नका. मी बेळगावात वायरलेस जोडण्यांचंच काम करतो (तुमच्या नेटवाल्याकडं नाही), आणि दर पावसाळ्यात लोक राऊटरवर पैसे घालवतात, दुखणं मात्र छपरावर असतं.

आधी हिशेब बघू. ४०० एमबी म्हणजे ३,२०० मेगाबिट, कारण एका बाइटात ८ बिट. अपलोड ८ असेल तर ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटांच्या आत काम होतं. तोच ०.३ वर आला की तीन तास लागतात. तीन तासांत लॅपटॉप झोपी जाणार, लाईट जाणार, संकेतस्थळ कंटाळून जोडणी सोडणार. म्हणजे ९० टक्क्यांवर तुटणं हा वेगळा रोग नाही, मंदपणाचंच ते दुसरं टोक आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या फाईलचा रस्ता तीन टप्प्यांचा आहे : लॅपटॉप ते राऊटर, छत्री ते टॉवर, आणि टॉवरपासून पुढं. तिन्हींची परीक्षा वेगवेगळी घ्यायची. पहिल्या टप्प्याला एक लॅन केबल लागेल. राऊटर सोप्यात आहे तर लॅपटॉप उचलून सोप्यात न्या, केबलनं जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि अपलोड मोजा.

त्याच वेळी पिंगही करून बघा, म्हणजे डेटाचं एक छोटं पाकीट पाठवून ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आधी राऊटरच्या पत्त्याला (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) शंभर वेळा, मग ८.८.८.८ ला (हा बाहेरच्या इंटरनेटवरचा, गूगलचा पत्ता) शंभर वेळा. एकदा वायफायवर, एकदा केबलवर. किती हरवले आणि वेळ किती मिलिसेकंद, तेवढं इथं लिहा.

वडगावची_अक्का (११ जुलै, सकाळी ९:०५)

गुरुजी, तुमचा धागा वाचून मीही लिहिते, कारण माझं दुखणं जवळचंच आहे. वडगावात आमची गल्ली अरुंद, घराला घर लागून. मी घरून काम करते. माझं डाउनलोड-अपलोड दोन्ही आकड्यात बरे आहेत, पण मोठी फाईल पाठवायला घेतली की चालू असलेला कॉल तुटतो, समोरच्याला माझा आवाज घोगरा जातो. फाईल संपली की सगळं ठीक. हे काय असेल?

टॉवरवरचा (११ जुलै, सकाळी ९:३०)

अक्का, अपलोड चालू असताना पिंग किती होतो ते बघा. एरवी ३० मिलिसेकंद असेल आणि फाईल जाताना हजार-दीड हजार झाला, तर राऊटरच्या पोटात रांग लागलेली आहे. लॅपटॉप घाईनं पाकिटं ढकलतो, बाहेरचा रस्ता अरुंद, आणि राऊटर ती टाकून न देता साठवत बसतो. तुमच्या आवाजाचं छोटं पाकीट त्या रांगेत शेवटी उभं राहतं.

राऊटरच्या पानावर 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' असतं. तिथं अपलोडची मर्यादा मोजलेल्या अपलोडच्या ८० ते ८५ टक्के घाला. १० येत असेल तर ८ किंवा ८.५. फाईल जरा उशिरा जाईल, पण रांग तुमच्या हातात राहील.

वडगावची_अक्का (११ जुलै, दुपारी १:२०)

अगदी तेच! एरवी २८, फाईल जाताना १,१०० च्या वर. मर्यादा ८ घातली, आता फाईल जाताना ५०-६० राहतो. कॉल चालू ठेवून फाईल पाठवली, आवाज तुटला नाही. दोन वर्षं मी कॉलच्या आधी सगळ्या फाइली थांबवून बसत होते. फार उपकार झाले.

अजून एक. फोनवरच्या ॲपमध्ये बघितलं तर गल्लीत चौदा वायफाय दिसतात, बहुतेक चॅनेल ६ वर. चॅनेल ३ रिकामा आहे. तिथं जाऊ का?

अनगोळकर (११ जुलै, दुपारी १:४५)

रिकामा आहे तर जा की.

टॉवरवरचा (११ जुलै, दुपारी २:१०)

नको. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलचे क्रमांक ५-५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत, पण एक वायफाय २० मेगाहर्ट्झ रुंद पसरतं. ३ वर बसलात तर १ वाल्यांचाही त्रास आणि ६ वाल्यांचाही. शिवाय तुमच्या चॅनेलवरचा शेजारी निदान तुमचं बोलणं ओळखून थांबतो. अर्धवट अंगावर आलेला शेजारी नुसता गोंगाट करतो. एकमेकांत न मिसळणारे तीनच : १, ६ आणि ११. त्यातला कमी गर्दीचा घ्या, रुंदी २० वर ठेवा. आणि लॅपटॉप राऊटरच्याच खोलीत असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा. ते भिंतीतून कमी जातं, म्हणून शेजाऱ्यांचंही तुमच्याकडं कमी येतं.

मलप्रभाकाठ (११ जुलै, रात्री ९:००)

शाळा सुटल्यावर सगळं करून बघितलं.

वायफायवर मागच्या खोलीतून : राऊटरला पिंग ४ ते ६०० मिलिसेकंद, शंभरात ९ हरवले. अपलोड ०.३.
सोप्यात केबलवर : राऊटरला १ मिलिसेकंद, एकही हरवला नाही. पण ८.८.८.८ ला ४० पासून ३५० पर्यंत, शंभरात ६ हरवले. अपलोड १.१.

म्हणजे दोन्हीकडं खोट आहे असं धरू का? एक कळत नाही. मागच्या खोलीत वायफायच्या तीन काड्या दिसतात, मग ९ हरवतात कसे?

टॉवरवरचा (११ जुलै, रात्री ९:५०)

बरोबर धरलंत, दोन्हीकडं आहे.

काड्यांचं असं की त्या फक्त एका बाजूची गोष्ट सांगतात : राऊटरचं बोलणं लॅपटॉपला किती ऐकू येतं. लॅपटॉपचं बोलणं राऊटरला किती ऐकू जातं ते कुठंच दिसत नाही, आणि अपलोड सगळा त्यावरच आहे. लॅपटॉप किंवा फोनचा आवाज राऊटरपेक्षा बारीक असतो. दीड फुटी चिऱ्याच्या दोन भिंती, त्यात पावसाळ्यात ओल धरलेल्या. राऊटरचा मोठा आवाज आत येतो, लॅपटॉपचा बारीक आवाज बाहेर पडत नाही.

आणि हरवण्याची किंमत फार मोठी असते. पाकीट हरवलं की पाठवणारा संगणक समजतो, पुढं गर्दी आहे, आपण हळू जावं. खरं तर गर्दी नसते, पाकीट हवेत विरलेलं असतं. पण तो वेग उतरवतो, पुन्हा हरवलं की आणखी उतरवतो. शंभरात दोन-तीन हरवले तरी अपलोड कोसळतो.

घरातला इलाज सोपा आहे. ओव्या चढवायच्या तेव्हा केबलवर बसा. पंधरा-वीस मीटर केबल भिंतीच्या कडेनं मागच्या खोलीत ओढली तर कायमचंच मिटेल. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते.

आता छपरावरचं. छत्री बसवली तेव्हाची पावती किंवा कागद आहे का? त्यावर उणे ५५, उणे ६० असा काही आकडा असतो. ती सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली.

उद्यमबाग_सीएनसी (११ जुलै, रात्री १०:१५)

गुरुजींच्या विषयात मधेच येतो, माफ करा. आमच्या शेडमध्ये वेगळाच प्रकार आहे. सगळी पानं उघडतात, मेल जातो, पण पुण्याच्या ग्राहकाच्या संकेतस्थळावर ड्रॉइंग चढवायला घेतलं की ० टक्क्यांवरच फिरत राहतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीच फाईल जाते.

टॉवरवरचा (११ जुलै, रात्री १०:४०)

लहान जातं, मोठं अडकतं, आणि तेही एकाच ठिकाणी : पाकिटाच्या आकाराकडं बोट दाखवणारं लक्षण आहे. साधारण १,५०० बाइटचं पाकीट चालतं. पण तुमची जोडणी नाव-पासवर्ड घालून लागणारी पीपीपीओई असेल तर त्यातले ८ बाइट वेष्टनात जातात आणि १,४९२ उरतात. वाटेतला कुठला राऊटर "लहान करून पाठवा" हा निरोप परत पाठवत नसेल तर मोठी पाकिटं गुपचूप गिळली जातात.

पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय देऊन १,४७२ आकारानं पाठवा, मग १,४६४ नं. ह्या आकारांत शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की १,५०० आणि १,४९२ होतात. पहिला अडकला आणि दुसरा गेला तर राऊटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १,४९२ करा. एमएसएसचा (पाकिटातल्या नुसत्या मजकुराच्या कमाल आकाराचा) रकाना असेल तर तिथं १,४५२.

उद्यमबाग_सीएनसी (१२ जुलै, सकाळी ११:००)

१,४७२ अडकला, १,४६४ गेला. राऊटरवर कुणीतरी १,५०० हातानं घालून ठेवलं होतं. १,४९२ केलं, ड्रॉइंग चढलं. धन्यवाद.

कोगनोळी_नाका (१२ जुलै, दुपारी १२:३०)

मी निपाणी तालुक्यातला. आमचं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांच्या (महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या) यादीत आहे, त्यामुळं पुतणीचा महाराष्ट्रातल्या कॉलेजसाठी सीमाभागाच्या कोट्यातून अर्ज भरूलोय. दाखले चढवायचे आहेत. घरात मोबाईलचाच नेट. रेंज भरपूर. पण एक-दोन फाइली गेल्या की पान परत लॉगिन मागतंय, चढवलेलं गायब. शेतातल्या घरात जास्त होतंय, गावात कमी. मुदत थोडीच राहिलीय. लेकरू रडकुंडीला आलंय.

टॉवरवरचा (१२ जुलै, दुपारी १२:५०)

अण्णा, आधी धीर द्या तिला, हे सुटण्यासारखं आहे.

मोबाईल कंपन्यांच्या दृष्टीनं आपण कर्नाटक सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे सेवेचा विभाग). कागलकडचा टॉवर महाराष्ट्र सर्कलचा, ज्यात गोवाही येतो. फोनवर नाव एकच दिसतं, पण आतून दर सर्कलचा नेटवर्क-क्रमांक वेगळा. शेतातल्या घरातून दोन्ही बाजूचे टॉवर सारखेच दिसत असतील तर फोन कधी इकडचा धरतो, कधी तिकडचा. सर्कल बदलताना चालू जोडणी बहुतेक वेळा तुटून नव्यानं नोंद होते आणि फोनचा आयपी पत्ता बदलतो. काही संकेतस्थळं पत्ता बदलला की सुरक्षेसाठी तुम्हाला बाहेर काढतात. वाचताना हे कळत नाही, पान पुन्हा उघडलं की झालं. चढवताना मात्र हातातलं जातं.

फोनच्या मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगात 'आपोआप निवड' बंद करा. मिनिटभर शोधून तो यादी दाखवेल. त्यात तुमच्या कंपनीचं नाव दोनदा आलं तर एक निवडा, अपलोड बघा, मग दुसरं. चांगलं चालेल त्यावर काम संपेपर्यंत राहा, नंतर परत आपोआप करा. यादी नीट आली नाही तर फोन घराच्या गावाकडच्या खिडकीत ठेवा, शेताकडची भिंत मधे येऊ द्या.

आणि दाखले फोटो म्हणून चढवू नका. स्कॅनच्या ॲपमधून काळा-पांढरा किंवा राखाडी, १५०-२०० डीपीआयचा पीडीएफ करा. ४ एमबीचा फोटो बऱ्याचदा काहीशे केबीत बसतो आणि अक्षर तेवढंच वाचता येतं. जितकी फाईल लहान, तितका वाटेत तुटायला वेळ कमी.

निपाणीकर (१२ जुलै, दुपारी १:१५)

कोगनोळी अण्णा, हे खरं आहे. हायवेला आमच्या दुकानातही असंच व्हायचं. मी हातानं निवडून ठेवलं तेव्हापासून बंद झालं. फक्त कोल्हापूरला जाताना परत आपोआपवर टाकायला विसरू नका, नाहीतर वाटेत फोनच लागत नाही. माझ्या आईचा फोन आला होता आणि मला कळलंच नव्हतं.

कोगनोळी_नाका (१२ जुलै, संध्याकाळी ६:४०)

झालं. सगळे दाखले गेले, पोच आली. यादीत नाव दोनदा होतं, इकडचं धरून ठेवलं. पुतणी म्हणाली त्या काकांना नमस्कार सांगा.

अनगोळकर (१२ जुलै, संध्याकाळी ७:००)

फार बरं वाटलं वाचून. टॉवरवरचे, एक विचारतो. घरी मोबाईल कंपनीची ५जी पेटी आहे. डाउनलोड दीडशे, अपलोड आठ-दहा. एवढी तफावत का? कंपनीला सांगून वाढतो का?

टॉवरवरचा (१२ जुलै, संध्याकाळी ७:३०)

सांगून फारसा वाढत नाही, कारण ती रचनाच तशी आहे. जुन्या १,८०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यांवर जायला आणि यायला वेगवेगळ्या लहरी असतात. २,३०० चा ४जी पट्टा आणि ३,३०० च्या वरचा ५जी पट्टा यांवर रस्ता एकच, वेळ वाटून घ्यायची. लोक बघतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून बहुतेक पाळ्या डाउनलोडला दिलेल्या. त्यात पेटी घराच्या आत असेल तर तिचा बारीक आवाज टॉवरपर्यंत आणखी कमी पोचतो. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवून बघा. आठ-दहाचे पंधरा झाले तर पेटीची जागा हाच इलाज.

गुरुजी, तुमच्या आकड्याची वाट बघतोय.

मलप्रभाकाठ (१३ जुलै, रात्री ८:४५)

कागद सापडला, देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात होता. त्यावर उणे ५८ लिहिलंय.

आज सकाळी नेटवाल्याला फोन करून "डाउनलोड नको, छत्रीच्या पानावरचे दोन्ही बाजूंचे सिग्नल सांगा" एवढंच मागितलं. आवाजच बदलला त्याचा. दुपारी सांगितलं : आमच्या छत्रीला टॉवर उणे ७४ नं ऐकू येतो, टॉवरला आम्ही उणे ७९ नं.

दुसरी एक गोष्ट सापडली. संध्याकाळनंतरच का बिघडतं ते बघत होतो. थोरला बेळगावला कॉलेजला जातो, संध्याकाळच्या बसनं येतो. आला की त्याचा फोन वायफायला लागतो आणि दिवसभराचे व्हिडिओ बॅकअपला जायला लागतात. राऊटरच्या पानावर त्याच्याच फोनपुढं आकडा पळताना दिसला. त्याचा काय दोष, त्याला माहीतच नव्हतं. बॅकअप रात्री दोन नंतरचा करून दिला. आज संध्याकाळी केबलवर अपलोड १.० च आहे, ०.३ वर उतरला नाही.

टॉवरवरचा (१३ जुलै, रात्री ९:२०)

हीच ती जागा. उणे ५८ चे उणे ७४ म्हणजे १६ डीबी गेले, सरळ भाषेत पोचणारी ताकद चाळिसाव्या भागावर आली. मेनंतर काहीतरी हललंय.

डाउनलोड का टिकला तेही सांगतो, कारण नेटवाल्याचा माणूस त्यावरच फसतो. वाटेत होणारी घट दोन्ही दिशांना सारखीच असते. फरक टोकांना असतो. तुमच्या छत्रीला एकाच दिशेचं ऐकायचं, भोवती रान, शांतता. टॉवर डोंगरावर उघडा, त्याला चारी बाजूंच्या गावांतल्या छत्र्या, इतर कंपन्यांचे टॉवर, सगळ्यांचा गोंगाट ऐकू येतो. शांत खोलीत कुजबुज कळते, बाजारात नाही कळत. म्हणून ताकद उतरली की अपलोड आधी मरतो आणि डाउनलोड तगून राहतो. त्यात दोन वाड्या एकमेकींना दिसत नसतील तर दोन्हीकडच्या छत्र्या एकदम बोलायला लागतात आणि टॉवरपाशी धडकतात. त्यावर उपाय टॉवरवर पाळ्या लावण्याचा, तो नेटवाल्याच्या हातात.

पाऊस स्वतः फार खात नाही. ५ गिगाहर्ट्झवर ४ किलोमीटरला पावसाच्या थेंबांनी होणारी घट नगण्य. खातात ती ओली पानं, आणि वाऱ्यानं फिरलेला खांब. दोन गोष्टी बघायला सांगा : खांबाचा क्लॅम्प ढिला आहे का, आणि समोर झाड आलंय का. "टॉवर डोळ्याला दिसतोय" एवढ्यावर समाधान मानू नका. लहरीला मधे फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती, काकडीसारखी मोकळी जागा लागते. तुमच्या ४ किलोमीटरला मध्यावर तिची त्रिज्या सुमारे ७ मीटर, आणि घरापासून २०० मीटरवरसुद्धा ३ मीटर. त्यातली साठ टक्के तरी मोकळी हवी. एखाद्या फांदीचा शेंडा रेषेच्या मीटरभर खाली असला तरी तो आड येतो.

आणि कृपा करून तुम्ही स्वतः कौलांवर चढू नका. ओली कौलं, शेवाळ. नेटवाल्याचं काम आहे, त्याच्याकडून करून घ्या. आकडे हातात असले की तो नाही म्हणत नाही.

वडगावची_अक्का (१३ जुलै, रात्री ९:४०)

गुरुजी, मी माहेरची नंदगडची. माझी आज्जी दळताना म्हणायची, तिचं काही राहिलं नाही आमच्याकडं. तुमच्या फाइली नीट चढू देत.

मलप्रभाकाठ (१६ जुलै, रात्री १०:३०)

उशीर झाला, दोन दिवस पाऊस उघडत नव्हता. आज दुपारी तासभर ऊन पडलं, तेवढ्यात नेटवाल्याची दोन पोरं आली. क्लॅम्पचा एक बोल्ट गंजून ढिला झाला होता, खांब वाऱ्यानं हाताच्या दोन बोटांएवढा फिरला होता. शिवाय समोरच्या फणसाची एक फांदी ह्या वर्षी वाढून रेषेत आली होती. फांदी काढायला घरातल्यांना वाईट वाटलं, त्याच फांदीला फणस जास्त लागतात. पण काढली. छत्री फिरवत फिरवत उणे ६० वर आणली, टॉवरला आता आम्ही उणे ६४ नं ऐकू जातो.

केबलवर अपलोड ७.६. पिंग शंभरात एकही हरवला नाही.

संध्याकाळपासून तीन फाइली चढल्या, एकेक सात मिनिटांत. पहिली देवळाजवळच्या आज्जींची घातली, त्या मार्चमध्ये गेल्या.

एक शंका. पुढच्या रविवारी कणकुंबीकडच्या एका वाडीवर जाणार आहे. तिथं दोन दिवस राहायचं आणि नुसता मोबाईलचा नेट, तोही डोंगराच्या एका कडेला. तिथून कसं पाठवू? परत येईपर्यंत थांबायला जीव धजत नाही, मागं एकदा पेनड्राइव्ह भिजला होता.

टॉवरवरचा (१६ जुलै, रात्री ११:००)

मन भरून आलं वाचून.

तिथं वेग मिळणार नाही असंच धरून चला आणि फाईल लहान करा, आवाज न बिघडवता. तुमची ४०० एमबीची फाईल स्टिरिओ आहे. माईक एकच असेल तर डावी-उजवी दोन्हीकडं तोच आवाज; मोनो केली की २०० एमबी. मग तिची फ्लॅक करा, एमपी३ नको. फ्लॅकमध्ये काहीही टाकून दिलं जात नाही, उलटी केली की मूळ वेव्ह जशीच्या तशी मिळते. एका माणसाच्या आवाजाला साधारण निम्मी होते, म्हणजे १०० एमबीच्या आसपास.

ब्राउझरमधून चढवू नका. साठवणीचं स्वतःचं ॲप वापरा, त्यातली बरीचशी तुटलं तिथून पुढं चालू करतात. तेही नसेल तर सेव्हन-झिपनं २०-२० एमबीचे तुकडे पाडा. एक तुटला तर तेवढाच परत पाठवायचा. फोन त्या कडेला एका जागी ठेवा, हातात घेऊन फिरू नका.

आणि चढली असं दिसल्यावर लगेच मूळ पुसू नका. चढवलेली फाईल परत उतरवून दोन्हींचा हॅश (फाईलवरून निघणारा, तिच्या ठशासारखा आकडा) ताडून बघा.

मलप्रभाकाठ (१६ जुलै, रात्री ११:२५)

माईक एकच आहे. इतके दिवस स्टिरिओच करत होतो, कुणी सांगितलं नव्हतं.

आज चढलेल्या तिन्ही परत उतरवल्या, तिन्हींचा हॅश जुळला. एक फाईल आत्ता चालू आहे, ६२ टक्के. ही झाली की झोपतो. अक्का, नंदगडच्या बाजूला तुमच्या आज्जीच्या वयाचं अजून कुणी असेल तर मला जरूर कळवा. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडं येतो.

वडगावची_अक्का (१६ जुलै, रात्री ११:३५)

आज्जीची धाकटी बहीण आहे, नव्वदीच्या पुढं. कान गेलेत, पण म्हणते अजून. दिवाळीपर्यंत थांबू नका गुरुजी.

मलप्रभाकाठ (१६ जुलै, रात्री ११:३८)

मग ह्याच शनिवारी येतो. कणकुंबी त्यानंतर.